किती, आणि कुठं

दौंडच्या चर्चमागं पाळकांची बसायची खोली आहे. त्या रविवारी भक्ती सुटल्यावर तिथं इवा धरून पाच माणसं बसली होती. बाकीची चौघं इवाबद्दल बोलत होती. इवाशी मात्र कुणी बोलत नव्हतं.

तिचा नवरा ब्लेसन मालगाडीवर गार्ड होता. सरळ माणूस, आवाज न चढवणारा. तो पाळकांकडं बघत म्हणाला, "रेव्हरंड, माझं तिच्याशी वैर नाही. पण पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, बॉर्डरलाइन, मनाचा आजार. हा आजार जात नसतो म्हणतात. सुट्टीत महिनाभर पोरीला तिच्याकडं कसं सोडू मी?"

शेजारी त्याची आई मुक्ताबाई पदर सावरून बसली होती. तिला तो शब्द धड म्हणता येत नसे. ती 'बाडरलाईन' म्हणायची, आणि म्हणताना आवाज खाली आणायची. आताही तिनं तेच केलं. "बाडरलाईन हाय तिला. आमी काय मनानं सांगत न्हाई."

इवानं मान खाली घातली. गेल्या दोन वर्षांत हा शब्द तिनं इतक्यांच्या तोंडून ऐकला होता, की आता कुणी नुसतं इवा म्हटलं तरी तिला तो मागून येताना ऐकू यायचा.

लहानपणापासून ती तापटच. शिरूरच्या मिशन शाळेत तिची आई कृपाबाई शिक्षिका होती, आणि मुलीच्या मैत्रिणींचा हिशेब तिला कधीच लागला नाही. आज जिच्या गळ्यात गळा, उद्या तिचं नाव काढायचं नाही. पण डोकं चांगलं होतं. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून इवा दौंडला एका पॅथॉलॉजीत लागली. तिथं तिचा हात असा स्थिर, की तान्ह्या पोराची शीरसुद्धा पहिल्याच सुईत सापडायची. तिथल्या चर्चमध्येच ब्लेसनची ओळख झाली, लग्न झालं, रूथ झाली.

लॅबमधला तो स्थिर हात घरी यायचा नाही. ब्लेसन सोलापूरच्या लाइनवरून यायला उशीर झाला आणि फोन लागला नाही, की इवाच्या छातीत काहीतरी फाटायचं. हा आता येत नाही, आपल्याला कायमचं टाकलं, असं तिला अगदी खरं वाटायचं. तो दारात आला की ती ताटं फेकायची, नको ते बोलायची, आणि तासाभरानं त्याच्या पायाशी बसून रडायची. अशाच एका भांडणानंतर ब्लेसन फोन बंद करून ड्यूटीवर निघून गेला, आणि त्या दुपारी इवानं घरातल्या गोळ्या घेतल्या. रूथ तेव्हा पाचाची होती. ती घरातच होती.

शेजारणीनं बघितलं म्हणून इवा वाचली. पुण्याच्या इस्पितळातून घरी जायच्या कार्डावर तो शब्द आला. आणि खरं सांगायचं, तर सुरुवातीला इवाला तो शब्द आधारासारखा वाटला. आपण वाईट नाही, आपल्याला आजार आहे. तिनं मोबाइलवर सगळं वाचून काढलं. नऊ खुणा असतात, त्यातल्या पाच जुळल्या की तो आजार. तिच्या सात जुळत होत्या. त्या तिला आपल्या रक्तगटासारख्या पाठ झाल्या.

पुढं तो शब्द घरातल्या सगळ्यांच्या हातात गेला. मुक्ताबाईनं तिला न विचारता तिच्या कपाटातल्या साड्या भावकीत वाटून टाकल्या. कुणीही चिडेल अशी गोष्ट. इवा चिडली, तर ब्लेसन हळूच म्हणाला, "आजची गोळी घेतली का?" त्या दिवसापासून तिला राग यायचा हक्कच राहिला नाही. ती गप्प बसली तरी आजार, हसली तरी आजार. लॅबनंही कामावर यायला नको सांगितलं. शेवटी ब्लेसननं तिला जरा विश्रांती म्हणून शिरूरला आईकडं आणून सोडलं, आणि परत न्यायला तो आलाच नाही. रूथची शाळा दौंडला, म्हणून रूथ दौंडला. भेट व्हायची ती फोनवर, आणि तिकडून आजीच्या हातात फोन असायचा.

पाळक वयस्क होते. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ब्लेसन, दोन वर्षांमागचा कागद धरून आज निवाडा नको. नव्यानं तपासून घ्या. डॉक्टर काय म्हणतात ते बघून सुट्टीचं ठरवू."

कृपाबाई तेवढ्यात म्हणाली, "शिरूरला ओव्हाळ मॅडम आहेत. मी नेते तिला."

*

डॉ. करुणा ओव्हाळ मूळच्या वरवंडच्या. शिरूरला स्टँडजवळ एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. खाली रांजणगावच्या कंपन्यांच्या बस थांबत. त्यामुळं जिन्यात कायम युनिफॉर्ममधली माणसं बसलेली असत, कुणी झोप येत नाही म्हणून, कुणी दारू सुटत नाही म्हणून.

पहिल्याच भेटीत इवानं पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं. "मॅडम, माझ्या सात जुळतात. टाकून जातील अशी भीती, राग, रिकामं वाटणं..."

मॅडमनी थांबवलं नाही. तिचं संपल्यावर म्हणाल्या, "हे तुम्ही वाचलेलं झालं. आता तुमचं सांगा. लॅबमध्ये कुणी तुमची चूक काढली, तर काय व्हायचं?"

इवा गोंधळली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "काही नाही. परत टेस्ट लावायचे."

"राग?"

"यायचा थोडा. पण काम असायचं ना."

"आणि तीच चूक ब्लेसननं काढली तर?"

इवाला फेकलेली ताटं आठवली.

अशा भेटी दीड-दोन महिने चालल्या. मॅडम बारीकसारीक विचारत. भांडण झालं की ते डोक्यात किती वेळ राहतं? एकटी असताना तुम्ही कोण असता? तुम्हाला काय आवडतं ते आज एक आणि उद्या दुसरं असं होतं का? समोरचा माणूस तुमच्यावर रागावलाय, की त्याचं पोट दुखतंय, हे तुम्हाला कळतं का? जीव नकोसा होतो का, शेवटचं कधी झालं? कृपाबाईलाही त्यांनी वेगळं बसवून विचारलं. कृपाबाई मास्तरीण, तिला सगळ्या गोष्टी मुद्देसूद सांगायची सवय. पण मुलीबद्दल सांगताना तिचे मुद्दे दोनदा मागंपुढं झाले.

मग एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "इवा, मी तुमच्या कागदावर बॉर्डरलाइन लिहिणार नाही."

इवाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"जुन्या पद्धतीत कप्पे असायचे," मॅडम सांगू लागल्या. "नऊतल्या पाच खुणा जुळल्या की माणूस कप्प्यात. चार जुळल्या की बाहेर. आता चार आणि पाच यांच्यामध्ये माणूस असा कितीसा बदलतो? आणि ज्याच्या पाच त्याला, ज्याच्या नऊ त्यालाही, शब्द एकच. हल्ली आम्ही आधी बघतो, त्रास किती खोल आहे. स्वतःशी नातं किती बिघडलंय, दुसऱ्यांशी किती. सौम्य, मध्यम की तीव्र. मग स्वभावातलं काय जास्त ताणलं गेलंय ते बघतो. तुमचा त्रास मी मध्यम म्हणेन. भावना फार जोरात येतात, ते खूप. भरात येऊन काहीतरी करून बसणं, ते बऱ्यापैकी. माणसांपासून तुटून राहणं नाही. दुसऱ्याची कदर नसणं, तेही नाही. आणि हे सगळीकडं सारखं नाही. कामावर जवळजवळ नाहीच. जवळच्या माणसानं पाठ फिरवली असं वाटलं, की तिथं सगळ्यात जास्त."

इवाला ते लगेच समजलं. लॅबमध्ये दोन तऱ्हेच्या टेस्ट असतात. एकीत नुसतं आहे किंवा नाही एवढंच येतं. दुसरीत आकडा येतो, आणि आकडा वरखाली होतो. पण समजलं म्हणून बरं वाटलं असं झालं नाही. उलट तिच्या पायाखालचं काहीतरी सरकलं.

"म्हणजे मला आजार नाही?"

"त्रास आहे. खरा आहे. मी तो कमी करून सांगत नाहीये."

"दोन वर्षं मी त्या शब्दापायी सगळं सोसलं. घर गेलं, नोकरी गेली. आता तुम्ही म्हणता तो शब्दच नाही. मग मी केलं ते काय होतं? मी मुद्दाम केलं?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मध्यम!" इवा उठलीच. "मध्यम म्हणजे काय, मॅडम? मध्यम बाई पोरीसमोर मरायला निघते का?"

जिन्यातल्या माणसांना ढकलतच ती खाली उतरली. घरी येऊन तिनं आईवर सगळा राग काढला. तूच नेलंस, तुलाच बघायचं होतं की माझं काही बिघडलेलं नाही, मी नुसती वाईट आहे. कृपाबाई भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, हात धुतले आणि समोर येऊन बसली.

"मला काही बघायचं नव्हतं," ती म्हणाली. "पण इवा, तो शब्द आल्यापासून मीसुद्धा तुला काही सांगायचं सोडलं होतं. म्हटलं, आजारी माणसाला काय बोलायचं? तू माझ्यावर ओरडलीस तरी मी गप्प. आता सांगते. आत्ता तू बोललीस, ते मला लागलं."

इवा बघत राहिली. कितीतरी दिवसांत आई तिच्याशी असं, माणसानं माणसाशी बोलावं तसं, बोललीच नव्हती.

दोन आठवडे ती दवाखान्यात गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात गेली, जिन्यात बसून नंबर यायची वाट बघितली, आणि आत जाऊन म्हणाली, "मला तो शब्द पाहिजे होता. तो गेला तर माझ्याकडं काही राहत नाही, असं वाटलं."

"मला ते आधी ओळखायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "बसा."

*

ब्लेसनला यायला वेळ लागला. त्याची ड्यूटी कधी लागेल त्याचा नेम नसायचा. शेवटी मार्चमध्ये तो एका सकाळी न्हावरामार्गे मोटरसायकलवर आला. अंगावर धूळ, हातात हेल्मेट. मॅडमनी आधी त्याच्याशी एकट्याशी बोलून घेतलं, आणि मग दोघांना विचारून इवाला आत घेतलं.

तो खुर्चीच्या टोकावर बसला होता. म्हणत होता, "मॅडम, तुम्ही मलाही तेच प्रश्न विचारले. राग किती येतो, मनासारखं नाही झालं तर काय करतो. माझा काय संबंध?"

"फुटपट्टी एकच आहे. तिच्यावर तुम्ही आहात, मीही आहे. कुणी कुठं, कुणी कुठं."

"ते असू द्या." त्यानं हेल्मेट खाली ठेवलं. "मला एकच सांगा. ती परत तसं करणार का? हो की नाही?"

"तसं उत्तर माझ्याकडं नाही. मी एवढं सांगू शकते की आज धोका किती आहे, कशानं वाढतो, कशानं कमी होतो."

"मी सोलापूरच्या पुढं कुठंतरी मालगाडीत असणार. तिथं फोनला रेंज नसते. त्या वेळी माझी पोर तिच्यापाशी असणार. तवा ह्या 'मध्यम'चं मी काय करू, मॅडम?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. शहरात शिकून घालवलेली बोली मध्येच वर आली.

प्रश्न खरा होता.

ब्लेसन मग इवाकडं वळला. कितीतरी महिन्यांनी तो सरळ तिच्याशी बोलत होता. "तुला एक सांगितलंच नव्हतं. सांगू नये असं ठरवलं होतं, तुला त्रास होईल म्हणून. माझी आई दुपारी जरा आडवी झाली ना, की रूथ खेळ टाकून येते. तिच्या नाकाशी हात धरते. श्वास लागला की परत खेळायला जाते. मी ड्यूटीवरून येऊन झोपलो तरी तेच. दोन वर्षं झाली. शाळेत एका बाईंचा डोळा लागला, तर ही बाकावरून उठून गेली होती."

खालून कंपनीच्या बसचा हॉर्न आला.

इवाला आपलं अंग आपलं वाटेना. ती ओळखीची लाट आली. पळून जावं, डोकं आपटावं, आत्ताच्या आत्ता काहीतरी करावं की हे वाटणं थांबेल. पूर्वी अशा वेळी तिला एक आडोसा होता. मी नाही केलं, आजारानं केलं. आज तो आडोसा शोधायला गेलं तरी सापडेना. त्या दुपारी जे झालं त्यातलं काही आजारपणाचं होतं, काही त्या भांडणाचं, आणि काही तिचं स्वतःचं. कशाचं किती ते सांगता येत नव्हतं, पण तिचं अजिबात नव्हतं, असंही म्हणता येत नव्हतं.

"इवा," मॅडम म्हणाल्या, "इथंच बसा. पाय जमिनीवर टेकवा. बोलायची घाई नाही."

ती बसली. टेबलाची कड घट्ट धरून बसली. रडू आलं ते येऊ दिलं. ब्लेसन खाली मान घालून हेल्मेटचा पट्टा उघडत-लावत होता. बऱ्याच वेळानं लाट ओसरायला लागली. पूर्ण गेली नाही, पण तिच्यातून बोलता येईल इतकी उतरली.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही रिपोर्टमध्ये काय लिहिणार होता?"

"तुमची आई सोबत असेल तर सुट्टीचे पंधरा दिवस रूथनं इथं राहायला हरकत नाही, असं लिहिणार होते."

"तसं लिहू नका."

ब्लेसननं मान वर केली.

"पंधरा दिवस नको. ती मला घाबरते. मला नाही, माझ्या झोपण्याला घाबरते ती. तिला एकदम इथं आणून ठेवलं तर ती दुपारभर माझ्याकडं बघत बसेल." ती ब्लेसनकडं वळली. "मी दौंडला येईन. रविवारी, भक्तीनंतर. तिच्या घरी. सासूबाई असतील, तुम्ही असाल तर बरं. एक तास, दोन तास. तिला वाटेल तेवढं. पुढचं पुढं बघू."

ब्लेसन हेल्मेट घेऊन उठला. खाली उतरल्यावर मोटरसायकलला किक मारायच्या आधी तो थांबला आणि म्हणाला, "बसनं येताना चौफुल्याला पोचलीस की फोन कर. मी स्टँडवर येतो घ्यायला."

*

पहिल्या रविवारी रूथ आजीच्या मागं उभी राहिली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. ती उंच झाली होती. पुढचे दोन दात पडले होते. इवानं तिच्यासाठी रंगांची पेटी नेली होती, ती चटईवर ठेवली आणि आपण भिंतीला टेकून बसली. मॅडमनी तिला सांगितलं होतं, जवळ ओढायचं नाही, रडून दाखवायचं नाही, येईल तेव्हा येऊ द्यायचं.

रेल्वे क्वार्टरच्या त्या खोलीत ती सात वर्षं राहिली होती, आणि आज पाहुणीसारखी बसली होती. मुक्ताबाई चहा ठेवताना तिच्यावर नजर ठेवून होती. पेरू कापायला ब्लेसननं सुरी काढली आणि सवयीनं इवापुढं केली, तर मुक्ताबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "तिला सुरी नगं देऊ!"

रूथनं दचकून आईकडं बघितलं. इवाच्या डोक्यात रक्त चढलं. पोरीसमोर बोलली. मुद्दाम बोलली. तोंडापर्यंत शब्द आले. पण मुक्ताबाईचे हात थरथरत होते, ते तिला दिसलं. ही बाई आपल्याला हिणवत नाहीये, ही घाबरलीय. त्या दुपारी अँब्युलन्समध्ये आपलं डोकं हिच्याच मांडीवर होतं, हे इवाला मागाहून शेजारणीनं सांगितलं होतं.

"तुम्हीच कापा, सासूबाई," ती म्हणाली. एवढंच म्हणायला तिला घरभर धावून आल्यासारखा दम लागला.

पेरू कापून झाला. ताटली मध्ये आली. तेव्हा कुठं रूथ पदराआडून निघाली, चटईच्या दुसऱ्या टोकाला बसली, पेटी उघडून रंग एकेक करून बघू लागली. आणि वर न बघताच तिनं विचारलं, "मम्मी, तू परत तशी झोपणार आहेस का?"

ब्लेसन काहीतरी बोलायला गेला. इवानं हातानं त्याला थांबवलं.

कधीच नाही, असं सांगावंसं तिला फार वाटलं. सगळ्या आया तसंच सांगतात. पण या पोरीनं दोन वर्षं माणसांच्या नाकाशी हात धरला होता. तिला खोटं लगेच कळलं असतं.

"तसं होऊ नये म्हणून मी डॉक्टरांकडं जाते," इवा म्हणाली. "मला खूप वाईट वाटायला लागलं ना, तर आता मी एकटी बसत नाही. शिरूरच्या आजीला सांगते. मॅडमना फोन करते. ते सांभाळायचं काम मोठ्या माणसांचं आहे, रूथ. तुझं नाही."

रूथ ऐकत होती का नव्हती, कळलं नाही. तिनं निळा रंग काढला. थोड्या वेळानं म्हणाली, "मी तेव्हा तुला हाका मारल्या होत्या."

"हो."

"खूप मारल्या होत्या."

"मला ऐकू आल्या नाहीत, बाळा. तू चुकली नव्हतीस. तू बरोबर केलंस."

स्वयंपाकघराच्या दारात मुक्ताबाईनं तोंडाला पदर लावला. ब्लेसन उठून बाहेर जाऊन उभा राहिला. रूथनं कागदावर निळं काहीतरी काढायला घेतलं आणि इवाला कागद धरायला सांगितलं, कारण पंख्यानं तो उडत होता.

शिरूरच्या बसमध्ये इवा पाटसपर्यंत तिकीट मुठीत चुरगाळत बसली. मग तिनं ठरल्याप्रमाणं मॅडमना फोन लावला. काय वाटतंय ते सांगितलं. फोन ठेवून पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकून बसली. बसमध्ये कुणी उसाच्या दराबद्दल वाद घालत होतं. ती ऐकत राहिली.

*

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं म्हणता यायचं नाही. जूनमध्ये एका रविवारी ब्लेसन कळवायला विसरला आणि रूथला घेऊन आपल्या मामाकडं गेला. इवा कुलूपबंद दारापुढं उभी राहिली, आणि तिनं फोनवर त्याला असं काही सुनावलं, की पुढचे दोन रविवार भेटीविना गेले. घरी येऊन तिनं आरसाही फोडला. मॅडमनी तेही लिहून घेतलं. पण स्वतःला इजा करावी असं तिच्या मनात आलं तेव्हा आरशाच्या काचा आईला गोळा करायला लावून ती शेजारच्या घरी जाऊन बसली होती, हेही लिहून घेतलं. श्रावणात तिला शिरूरला एका लॅबमध्ये काम मिळालं. ब्लेसन आणि ती परत एकत्र आले नाहीत. दोघांनी तो विषय काढला नाही, आणि हळूहळू त्यातलं दुखणं बोथट झालं. पण तो शब्द दौंडच्या घरातून गेला. मुक्ताबाई आता शेजारणींना सांगायची, "लई तापट हाय. पर आता पयल्यावानी न्हाई."

नाताळच्या सुट्टीत रूथ पहिल्यांदा शिरूरला राहायला आली. तीन दिवस ठरले होते. कृपाबाईनं करंज्या केल्या, चर्चमधल्या पोरांशी रूथची ओळख करून दिली. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पिता पिता रूथ म्हणाली, "मला दौंडला जायचंय."

"उद्या जाऊ ना," कृपाबाई म्हणाली. "उद्या पप्पा येणारच आहेत."

"आज." तिनं दुधाचा पेला बाजूला सरकवला. "मला घरी जायचंय."

घरी. तो शब्द इवाच्या छातीत जिथं जायचा तिथं बरोबर गेला. पोरीनं टाकलं. हिलाही आपण नको. ती उठून मोरीत गेली, नळ सोडून पाण्याखाली मनगटं धरली. राग होता, रडू होतं, भीती होती. सगळं होतं. पूर्वीइतकं होतं का कमी होतं, ते मोजायला आता ती थांबली नाही. रूथ आठ वर्षांची आहे आणि तिला तिच्या घरी जावंसं वाटतंय, एवढं तिला दिसत होतं.

बाहेर येऊन तिनं रूथची पिशवी भरली. करंज्यांचा डबा वर ठेवला. "चल, नऊची बस आहे."

कृपाबाई दारापर्यंत आली. तिनं पाण्याची बाटली पिशवीत खोचली.

बसमध्ये न्हावऱ्यापर्यंत रूथ खिडकीला नाक लावून बसली होती. उसाच्या ट्रॉल्यांमागं बस अडकून पडली. मग तिला मळमळलं आणि तिनं इवाच्या अंगावरच ओकलं. इवानं पदरानं तिचे कपडे पुसले, बाटलीतल्या पाण्यानं तिचं तोंड धुतलं. कंडक्टर कुरकुरला, त्याला ती म्हणाली, "पोर आहे, मामा. पुसून देते मी." रूथ थकून तिच्या मांडीवर आडवी झाली आणि झोपली.

दौंडच्या स्टँडवर ब्लेसन उभा होता. त्यानं इवाच्या कपड्यांकडं बघितलं, रूथच्या झोपाळलेल्या तोंडाकडं बघितलं. "काय झालं? उद्याचं ठरलं होतं ना?"

"तिला घरी यायचं होतं."

तो जरा वेळ तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं पिशवी घेतली. "घरी चल. हात-पाय धू. आई भाकरी टाकत होती."

"नको. दुपारपाळी आहे लॅबला."

रूथ बापाचा हात धरून निघाली. चार पावलं गेल्यावर वळली आणि ओरडली, "मम्मी, करंज्या मी सगळ्या खाणार नाही. पप्पाला दोन देणारे."

"दे," इवा म्हणाली.

ती फलाटावरच्या नळाला गेली, पदराचं कोरडं टोक ओलं करून साडीवरचे डाग पुसले, आणि शिरूरची बस कुठं लागते ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडं निघाली.